सार्डिसची सामायिक भिंत

नाणे पाडण्याची कला ज्या भूमीत जन्मली असे मानले जाते, त्या लिडिया राज्याची राजधानी म्हणजे सार्डिस. पश्चिम तुर्कस्तानातील हे नगर क्रीसस राजाच्या अमाप संपत्तीसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. नगराजवळून वाहणाऱ्या पॅक्टोलस नावाच्या ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडत. त्या ओढ्याच्या काठी उत्खनन करणाऱ्यांना सोन्यातून चांदी निराळी काढण्याच्या प्राचीन भट्ट्यांचे अवशेषही मिळाले आहेत. मुद्रेवर विश्वास ठेवून माल द्यावा, दर खेपेस कस लावून पाहावा लागू नये, या सोयीचा आरंभ जिथे झाला ते हे ठिकाण. तेव्हा व्यापारी घरातील माणसाला तिथे जाण्यास निराळे निमित्त लागू नये. 2025 साली युनेस्कोने सार्डिस आणि तेथील लिडियन राजांच्या समाधींच्या टेकड्या यांचा जागतिक वारशात समावेश केला, तोही मुख्यतः या प्राचीन वैभवामुळेच.

प्रस्तुत लेख मात्र क्रीससच्या सोन्याविषयी नाही. त्याच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी उभ्या असलेल्या एका भिंतीविषयी आहे. तिच्या एका अंगाला यहुद्यांचे भव्य सिनेगॉग होते आणि दुसऱ्या अंगाला दुकानांची रांग. त्या रांगेत यहुदी आणि ख्रिस्ती दुकानदार शेजारी शेजारी बसून धंदा करीत. ख्रिस्ती धर्म यहुदी धर्माच्या घरातून कसा निघाला आणि दोन्ही घरे वेगळी कशी झाली, याची हकीकत ग्रंथांतून एक प्रकारची दिसते आणि या भिंतीजवळ उभे राहिले की दुसऱ्या प्रकारची.

आमचा व्यवसाय दगडाचा. इझमीर शहरात दर वर्षी संगमरवराचे मोठे प्रदर्शन भरते; त्या निमित्ताने तिकडे जाणे झाले आणि एक दिवस मोकळा मिळाला. इझमीरहून पूर्वेकडे सुमारे 90 किलोमीटर गेले की सार्त नावाचे खेडे लागते. वाट गेदिझ नदीच्या खोऱ्यातून जाते. दोहो बाजूंना द्राक्षांचे मळे असतात. बिनबियांच्या मनुकांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. दक्षिणेला बोझदाग पर्वताची रांग आणि तिच्या पायथ्याशी ऊन-पावसाने झिजून सुळक्यांसारख्या झालेल्या मातीच्या लाल कड्यांवर जुना किल्ला. हमरस्त्याला लागूनच उत्खननाचे पहिले आवार आहे. रस्त्यावरून मालमोटारी धडधडत जातात आणि शंभर पावलांवर रोमन काळाचा संगमरवरी महाल उभा असतो.

हा महाल म्हणजे स्नानगृह आणि व्यायामशाळा यांच्या विशाल संकुलाचा दर्शनी भाग. इ.स. 17 मध्ये झालेल्या भीषण भूकंपात सार्डिस उद्ध्वस्त झाले. तेव्हा सम्राट टायबेरियस याने नगराला पाच वर्षांची करमाफी आणि मोठी रक्कम दिली. त्यानंतरच्या पुनर्रचनेत हे संकुल आखले गेले आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याचे सजावटीचे काम पुरे झाले. आज दिसणारी दुमजली खांबांची मांडणी 1964 ते 1973 या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केलेली आहे. प्रवासी सहसा तिच्यापुढे छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. खरे पाहायचे ते दक्षिणेच्या बाजूला आहे.

हार्वर्ड आणि कॉर्नेल या अमेरिकन विद्यापीठांच्या मोहिमेने 1958 पासून येथे उत्खनन सुरू केले; जॉर्ज हान्फमान हे तिचे प्रमुख होते. 1962 साली संकुलाच्या आग्नेय कोपऱ्यात एक लांबलचक दालन उघडे पडू लागले आणि ते सिनेगॉग आहे असे लक्षात आले. दालनाची लांबी सुमारे 60 मीटर, त्यापुढे सुमारे 20 मीटरचे खांबांनी वेढलेले अंगण आणि अंगणाच्या मध्यभागी कारंजे. जवळजवळ हजार माणसे मावतील अशी ही वास्तू प्राचीन काळच्या आजवर सापडलेल्या सिनेगॉगांमध्ये सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. मुळात हे नगराचे सार्वजनिक सभागृह होते. पुढे ते यहुदी समाजाच्या ताब्यात आले. नगराच्या मध्यवर्ती रस्त्यावर, सर्वांत मानाच्या सार्वजनिक इमारतीला लागून, एका अल्पसंख्य समाजाला अशी जागा मिळाली, ही गोष्टच विचार करण्यासारखी आहे.

दगडाच्या व्यापाऱ्याची नजर प्रथम जमिनीकडे आणि भिंतीकडे जाते. जमिनीवर रंगीत खड्यांची भौमितिक नक्षी आहे. भिंतींना रंगीत संगमरवराचे पातळ तक्ते लावलेले होते आणि त्यांत निरनिराळ्या रंगांचे तुकडे कापून बसवलेले जडावकाम होते. आज त्याचा थोडाच भाग पुन्हा बसवून दाखवला आहे, पण सांधे किती बारीक असतील याची कल्पना तेवढ्यावरूनही येते. हा खर्च कोणी केला, हेही तिथेच लिहून ठेवले आहे. ऐंशीहून अधिक ग्रीक लेख सापडले. हिब्रूतील तुकडे मात्र मोजकेच. अमुक गृहस्थाने, आपल्या पत्नी-मुलांसह, नवस फेडण्यासाठी अमुक भागाचे संगमरवरी काम करवून दिले, असा मजकूर. देणगीदारांत सोनार आहेत, सरकारी अधिकारी आहेत आणि नगरसभेचे सभासद तर बरेच आहेत. कित्येकांनी आपल्या नावापुढे ‘सार्डिसचा नागरिक’ असे अभिमानाने कोरविले आहे. काहींनी हे दान ईश्वरी कृपेने मिळालेल्या धनातून दिल्याचे नमूद केले आहे, म्हणजे देणारा आपण नव्हे असा भाव. एका देणगीदाराचे नाव सॉक्रेटिस होते. सात फाट्यांच्या संगमरवरी समईवर, जिला यहुदी मेनोरा म्हणतात तिच्यावर, ते कोरलेले आहे.

दालनाच्या पश्चिम टोकाला अर्धवर्तुळाकार पायऱ्यांची बैठक आहे. ती समाजातील वडीलधाऱ्यांची असावी. तिच्यापुढे एक प्रचंड संगमरवरी मेज आहे. मेजाच्या पायांवर रोमन गरुड कोरलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेल्या सिंहांच्या जोड्या. गरुड रोमन इमारतीतून आणलेले, सिंह त्याहूनही शेकडो वर्षे जुन्या काळचे. मूर्तीविषयी इतका कडक निषेध असलेल्या धर्माच्या प्रार्थनागृहात हे प्राणी कसे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर बहुधा व्यवहारी आहे: चांगला दगड होता, कारागिरी उत्तम होती, टाकून देणे कोणाला परवडते?

अशाच पुन्हा वापरलेल्या शिळांमध्ये एक आश्चर्य निघाले. सिनेगॉगच्या खांबांच्या बांधकामात कधीकाळच्या मातृदेवीच्या मंदिराच्या शिळा होत्या आणि त्यांच्यावर अँटिओकस तिसरा या ग्रीक राजाची इ.स.पू. 213 च्या सुमाराची पत्रे कोरलेली होती. योगायोग असा की यहुदी मंडळी या प्रदेशात मोठ्या संख्येने आली ती याच राजामुळे. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवून ठेवल्याप्रमाणे अँटिओकसने लिडिया आणि फ्रिजिया या प्रांतांतील बंडाळी शांत करण्यासाठी बाबिलोनच्या बाजूची 2000 यहुदी कुटुंबे आणून वसविली, त्यांना घरासाठी जागा, शेतासाठी जमीन आणि काही वर्षे करमाफी दिली.

जोसेफसने सार्डिसविषयी आणखी काही दस्तऐवज दिले आहेत, आणि ते आपल्या वाचकांना विशेष परिचयाचे वाटतील. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन अधिकाऱ्याने मान्य केले की येथील यहुद्यांची स्वतःची संघटना आणि स्वतःची जागा पूर्वापार आहे आणि आपापसांतले तंटे ते तिथेच मिटवतात. नगरसभेने ठराव केला की त्यांना ठरलेल्या दिवशी एकत्र जमू द्यावे, प्रार्थनेसाठी जागा द्यावी आणि बाजारावरील अधिकाऱ्यांनी त्यांच्या आचाराला चालेल असे अन्न नगरात आणवावे. सम्राट ऑगस्टसच्या काळी जेरुसलेमच्या मंदिरासाठी वर्गणी गोळा करून पाठविण्याची परवानगी कायम करण्यात आली. परमुलुखात स्थिरावलेल्या समाजाच्या गरजा या चारच: जमण्याची जागा, घरचा न्याय, आपले अन्न आणि दूरच्या तीर्थाकडे दान पाठविण्याची मोकळीक. सार्डिसच्या यहुद्यांनी त्या चारही लेखी करून घेतल्या होत्या.

आता ख्रिस्ती मंडळींकडे वळू. येशू यहुदी कुटुंबात जन्मला, त्याचे पहिले शिष्य यहुदी होते, ते जेरुसलेमच्या मंदिरात जात आणि शब्बाथ पाळीत. आपल्याकडे कोकणातील बेने इस्रायल समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच शनिवारच्या विश्रांतीच्या व्रतामुळे. येशू हाच यहुद्यांना वचन दिलेला मसीहा, एवढाच त्या शिष्यांचा निराळा विश्वास होता. भेद वाढला तो यहुदी नसलेले लोक या पंथात येऊ लागल्यावर. त्यांनी सुंता करावी काय, खाण्यापिण्याचे यहुदी नियम पाळावेत काय, असा प्रश्न उभा राहिला. इ.स. 50 च्या आसपास जेरुसलेममध्ये शिष्यांची बैठक होऊन सुंतेची सक्ती नको असे ठरले. पौलाने तर हा आग्रह कसून मोडून काढला. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. त्यानंतर मंदिराविना धर्म कसा चालवायचा, याचे उत्तर धर्मशास्त्री गुरूंनी एका प्रकारे दिले आणि ख्रिस्ती उपदेशकांनी दुसऱ्या प्रकारे. ग्रंथ एकच, पूर्वज एकच, देव एकच. वारस कोण, एवढाच वाद. आणि वारसाचा वाद किती कडवट होतो हे सांगण्याची गरज नाही.

त्या कडवटपणाचा सर्वांत जुन्या साक्षींपैकी एक साक्षीदार सार्डिसचाच आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मेलितो हा येथील बिशप होता. विद्वान, सम्राट मार्कस ऑरेलियसला ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारे निवेदन पाठविणारा, भाषेवर विलक्षण प्रभुत्व असलेला. ‘वल्हांडणाविषयी’ हे त्याचे प्रवचन शतकानुशतके हरवले होते. 1940 साली एका प्राचीन पपायरसच्या आधारे ते प्रसिद्ध झाले. वल्हांडण हा यहुद्यांचा मोठा सण. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून तो पाळतात. मेलितोचे म्हणणे असे की त्या रात्रीचा कोकरू हा केवळ नमुना होता. खरी वस्तू म्हणजे येशूचे बलिदान. मूर्तिकार आधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतो, मूर्ती पूर्ण झाली की नमुन्याचे काम संपते आणि तो निरुपयोगी होतो. तसेच इस्राएलचे झाले, असा त्याचा दाखला. दगडाच्या धंद्यातल्या माणसाला हा दृष्टान्त लगेच कळतो. त्याच्यातील निष्ठुरताही कळते. कारण येथे नमुना म्हणजे मेणाचा गोळा नव्हता, पलीकडच्या गल्लीत राहणारी माणसे होती.

मेलितो तेवढ्यावर थांबला नाही. इस्राएलने प्रत्यक्ष देवाचा वध केला, असा आरोप त्याने प्रवचनाच्या शेवटी उघड केला. उपलब्ध साहित्यात हा आरोप इतक्या स्पष्टपणे प्रथम त्याच्याकडेच आढळतो. त्या वेळी तो बोलणारा माणूस एका लहान, राजाश्रय नसलेल्या पंथाचा होता आणि ज्यांच्यावर आरोप केला तो समाज नगरात प्रतिष्ठित होता. शब्दांनी कोणाचे छप्पर उडाले नाही. परंतु पुढे त्या पंथाच्या हाती साम्राज्य आले आणि हेच शब्द युरोपभर पुन्हा पुन्हा उच्चारले गेले, तेव्हा त्यांचे मोल यहुद्यांनी प्राणांनी मोजले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी जातीवर लादता येत नाही, असे रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केले ते 1965 साली.

या सिनेगॉगचे वैभव पाहून मेलितोचा मत्सर भडकला, असे काही मार्गदर्शक अजूनही सांगतात. कथा रंगतदार आहे, पण कालक्रम जुळत नाही. हे दालन सिनेगॉग झाले ते मेलितोच्या कितीतरी नंतर. तो मत्सराने बोलला असे समजण्यापेक्षा जवळिकीने बोलला असे समजणे मला अधिक योग्य वाटते. कारण हाच मेलितो जुन्या करारातील ग्रंथ नेमके कोणते, हे जाणून घेण्यासाठी थेट पॅलेस्टाइनच्या बाजूला प्रवास करून गेला आणि तिथून आणलेली त्याची यादी यहुदी परंपरेशी बहुतांशी जुळते. आणि हाच मेलितो आपला ईस्टरचा सण यहुद्यांच्या तिथीला पाळीत होता!

यातील शेवटच्या गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. वल्हांडणाची तिथी निसान महिन्याची चौदावी. आशिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळी वार कोणताही असो, त्याच तिथीस सण पाळीत. रोमच्या मंडळींचे म्हणणे, येशू रविवारी पुन्हा उठला, म्हणून सण रविवारीच झाला पाहिजे. तिथी की वार, हा वाद इतका ताणला की इ.स. 190 च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर आशियातील मंडळींना वाळीत टाकायला निघाला. एफिसचा बिशप पॉलिक्रेटिस याने त्याला सविस्तर उत्तर पाठविले आणि आपल्या परंपरेचे साक्षीदार म्हणून जी नावे दिली त्यांत सार्डिसमध्ये पुरलेल्या मेलितोचे नाव आहे. इतर बिशपांनी मध्ये पडून प्रकरण निवळविले. पण इ.स. 325 मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी, यहुद्यांच्या गणनेवर अवलंबून न राहता, ईस्टर पाळावा असे ठरविले. दोन घरे वेगळी झाल्याची तारीख सांगायचीच असेल तर पंचांग वेगळे झाले ती सांगावी, असे मला वाटते. तत्त्वाचे मतभेद पंडितांपुरते राहतात. सणाचा दिवस वेगळा झाला की तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

निदान धर्मगुरूंना तसे व्हावे असे वाटत होते. लोक ऐकत होते काय? सार्डिसच्या आग्नेयेला, त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या लाओदिकिया नगरात चौथ्या शतकात धर्मसभा भरली. तिच्या नियमांत ख्रिस्ती लोकांनी शब्बाथच्या दिवशी काम बंद ठेवू नये, यहुद्यांकडून सणाची भेट घेऊ नये, त्यांची बेखमीर भाकर स्वीकारू नये, असे निषेध आहेत. अँटिओक नगरात जॉन क्रिसोस्टोम 386-87 मध्ये आपल्याच मंडळींवर संतापून प्रवचने देत होता, कारण ती यहुद्यांच्या सणांना सिनेगॉगमध्ये जात आणि तिथे घेतलेली शपथ अधिक पक्की मानीत. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिला मनाई करण्याचा खटाटोप कोण करतो? वल्हांडणाच्या आठवड्यात शेजारीण भाकर घेऊन येई आणि ती घेतली जाई. धर्मसभेला नियम करावा लागला, एवढी ती वहिवाट रुळलेली होती.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून सिनेगॉगच्या बाहेर यावे आणि दक्षिणेकडून त्याच भिंतीकडे पाहावे. भिंतीला पाठ लावून गाळ्यांची लांबच लांब रांग आहे. पुढे खांबांचा पडवीसारखा मार्ग आणि त्यापुढे संगमरवरी फरसबंदीचा रुंद राजरस्ता. गाळे लहान, पुढे दुकान आणि वर माडी. सुमारे चौथ्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते चालू होते. आगीत आणि ढिगाऱ्याखाली अकस्मात गाडले गेल्यामुळे माल जागच्या जागी सापडला: काचेची भांडी आणि खिडक्यांच्या काचा, कुलपे, लोखंडी अवजारे, तराजू, वजने, रंग कुटण्याचे खल, आणि गल्ल्यातली तांब्याची नाणी. कोणत्याही व्यापाऱ्याला तिथे दहा मिनिटांत उमगते की हा बाजार कसा चालत असेल. सांडपाण्याचे नळ कसे काढले आहेत, दोन गाळे एक करण्यासाठी मधली भिंत कुठे फोडली आहे, हे सारे ओळखीचे वाटते.

गाळे कोणाचे, ते खुणांवरून समजते. काही ठिकाणी मेनोरा कोरलेली, काही ठिकाणी क्रूस. भांड्यांवर ओरखडून लिहिलेली काही नावे मिळाली. रंगाच्या दुकानाशी जोडलेला याकोब हा सिनेगॉगमधील ‘वडील’ या पदावरचा गृहस्थ होता. त्याला प्रार्थनेला जायला भिंतीला वळसा घालण्यापुरतेच अंतर. एकाचे नाव थिओक्टिस्टोस, एकाचे सब्बातिओस. यातील सब्बातिओस हे नाव शब्बाथवरून आलेले, म्हणून तो यहुदी असावा असे वाटते. पण मग सम्राट जस्टिनियन या कट्टर ख्रिस्ती राजाच्या वडिलांचेही नाव सब्बातिओसच होते. नावावरून माणसाचा धर्म सांगणे त्या बाजारात तितके सोपे नव्हते.

याच रांगेत खानावळीही होत्या, आणि त्यांच्या जागेत शिंपल्यांची कवचे व डुकराची हाडे मिळाली. या मासिकाच्या वाचकांना हा तपशील रुचणार नाही हे जाणूनही तो द्यावा लागतो, कारण या भिंतीचा खरा प्रश्न तिथेच आहे. डुक्कर आणि शिंपले दोन्ही यहुद्यांना पूर्ण वर्ज्य. ज्या समाजाने आपले अन्न वेगळे यावे म्हणून शेकडो वर्षांपूर्वी नगरसभेचा ठराव करवून घेतला होता, त्याच्या प्रार्थनागृहाच्या भिंतीपलीकडे निषिद्ध अन्न शिजत होते. वास येत असणार. कुरबुरही झाली असणार. आपल्याकडे इमारतीच्या तळमजल्यावर खानावळ आली की जे होते ते तिथे झाले नसेल असे मानायला मी तयार नाही. परंतु खानावळीही टिकल्या, सिनेगॉगही टिकले, आणि ही स्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालली. याकोबाने आपला गाळा सोडला नाही.

हे स्नेहाचे चित्र आहे असे म्हणण्याचा मोह होतो आणि कित्येक लेखकांनी तसे म्हटलेही आहे. मला ते पटत नाही. शेजार म्हणजे स्नेह नव्हे. बाजारात माणसे शेजारी बसतात ती गाळ्याची जागा चांगली असते म्हणून. पण रोज सकाळी शेजाऱ्याकडून सुटे पैसे मागणारा, तो जेवायला गेला की त्याच्या गिऱ्हाइकाला थांबवून धरणारा माणूस त्याच शेजाऱ्याला देवाचा मारेकरी म्हणणे जड जाईल, हेही तितकेच खरे.

या शेजाराचे मोल कळते ते त्या काळी इतरत्र काय चालले होते हे पाहिले म्हणजे. 388 साली फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावी बिशपच्या चिथावणीने जमावाने सिनेगॉग जाळले. सम्राट थिओडोसियसने भरपाईचा हुकूम दिला, पण मिलानचा बिशप अँब्रोस याने भर प्रार्थनेत अडवून तो मागे घ्यायला लावला. 423 च्या राजाज्ञेने असलेली सिनेगॉग बळकावू अथवा जाळू नयेत असे सांगितले, पण नवी बांधण्यासही मनाई केली. 438 च्या कायद्याने यहुद्यांना सरकारी मानाची पदे बंद झाली. नगरसभेच्या सभासदत्वाचा खर्चिक बोजा मात्र त्यांच्यावर कायम ठेवला! मान काढून घेतला आणि खर्च ठेवला. जॉर्डनमधील जेराश येथे सहाव्या शतकात सिनेगॉगचे चर्च करण्यात आले. सार्डिसला तसे घडले नाही. नगरात ख्रिस्ती सत्ता पक्की झाल्यावरही राजरस्त्यावरचे ते दालन यहुद्यांकडेच राहिले, आणि त्यात डागडुजी होत राहिल्याच्या खुणा आहेत.

ख्रिस्ती सत्तेची खूण पाहायची तर एक किलोमीटर दक्षिणेला आर्टेमिस देवीच्या मंदिराकडे जावे लागते. मूळ बांधणी अतिप्रचंड. दोन खांब आजही पूर्ण उंचीचे उभे आहेत. देवीची पूजा थांबल्यावर मंदिराच्या आग्नेय कोपऱ्याला बिलगून विटा-दगडांचे एक चिमुकले चर्च बांधले गेले. मंदिराच्या दरवाजाच्या दगडावर क्रूस कोरून ‘प्रकाश’ आणि ‘जीवन’ हे ग्रीक शब्द लिहिले आहेत. देवीला निष्प्रभ करण्यासाठी क्रूस कोरणे ख्रिस्ती मंडळींना आवश्यक वाटले. सिनेगॉगच्या मेजावरचे सिंह मात्र कोणी छिलले नाहीत.

सार्डिसचा शेवट या दोघांच्या भांडणाने झाला नाही. इ.स. 616 च्या सुमारास नगराचा हा भाग उद्ध्वस्त झाला. इराणच्या ससानी फौजांचा हल्ला हे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते. गाळ्यांतील नाणी त्याच सुमारास संपतात. सिनेगॉगचे छत आणि दुकानांच्या माड्या कोसळल्या. ढिगारा उपसून पुन्हा दुकान मांडायला या रांगेत कोणीही परतले नाही, ना यहुदी, ना ख्रिस्ती.

एक नाव मात्र उरले. इथल्या प्राचीन लिडियन व अरामी लेखात या नगराला ‘स्फर्द’ म्हटले आहे, आणि यहुदी धर्मग्रंथात ओबद्या या संदेष्ट्याने परागंदा झालेल्या जेरुसलेमकरांचे ठिकाण म्हणून जे ‘सफाराद’ सांगितले ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे यहुदी परंपरेने ते नाव स्पेनला लावले, आणि स्पेनचे यहुदी सफार्दी झाले. 1492 साली ख्रिस्ती राजा-राणीने त्यांना स्पेनमधून हाकलले, तेव्हा त्यांना थारा मिळाला तो मुसलमान सुलतानांच्या तुर्की साम्राज्यात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे वंशज इझमीरला येऊन व्यापारात स्थिरावले. तिथल्या केमेराल्ती या जुन्या बाजारात एक ‘हावरा गल्ली’ आहे. तुर्की भाषेत हावरा म्हणजे सिनेगॉग. संध्याकाळी परतल्यावर त्या गल्लीतून चाललो. भाजीवाले, लोणच्यांची आणि मसाल्यांची दुकाने, मासळीचे ठेले, ओरडून भाव सांगणारी माणसे. आणि त्या रांगांमागे, उंच कुंपणाच्या भिंतींआड, एकमेकांच्या शेजारी उभी असलेली जुनी सिनेगॉग.